डिस्ट्रिब्युटर परत पाठवतोय

वडगाव, बेळगाव
८ डिसेंबर २०२४

चि. साईराज,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला नकोत.

रवळूच्या टेम्पोतून एक खोकं पाठवतोय. इचलकरंजीला सूत आणायला जाताना तो निपाणीत तुझ्या गॅरेजवर उतरवेल. खोकं उघडलंस की तुला राग येईल, म्हणून आधी पत्र वाच. आत तुझा डिस्ट्रिब्युटर आहे. गेल्या शर्यतीआधी तू नवा बुश घालून, घासूनपुसून दिलास तोच. मला तो गाडीवर नको आहे.

एस्टीमला आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवायची. एकाच कॉइलची वीज घेऊन पंगतीत वाढपी फिरतो तसं चार प्लगांना वाटत फिरायचं, हा कारभार बंद. चार प्लग, चार कॉइल, आणि कुणाला कधी ठिणगी द्यायची ते कॉम्प्युटर ठरवेल. कॉम्प्युटरचा डबा मी मागवलाय. तुझ्याकडे त्या हुबळीच्या ठोकलेल्या गाडीच्या चार कॉइल पडून आहेत, मला माहीत आहे, नाही म्हणू नकोस. त्या पाठव. आणि या डिस्ट्रिब्युटरचं टोपण, आतला फिरता हात, सगळं काढून तो पोकळ कर, आत सेन्सर बसव. पहिला सिलिंडर कधी वर आला ते डब्याला त्यावरून कळतं म्हणे.

घाई आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संकेश्वरच्या माळावर शर्यत आहे आणि आमची करिष्मा बायकांच्या गटात उतरणार आहे. गेल्या वर्षी पिस्टन जळून गाडी अर्ध्यात थांबली ते तू बघितलंस. आता कॅम्पातल्या एका टीमवाल्यांनी तिला सांगितलंय, गाडी आमच्याकडे ठेव, आम्ही तयार करतो, तू फक्त चालव. पोरीने मला तोंडावर सांगितलं, "आप्पा, ह्या टायमाला परत बंद पडली तर मी तिकडं देणार." धारवाडच्या ऑफिसात काम करून बोलणंही ऑफिससारखं झालंय. तिला पहिला गिअर टाकायला मी शिकवलं. ती गाडी दुसऱ्याच्या पत्र्याखाली गेली तर मी काय करायचं? मागांना तेल घालत बसू?

फोन करू नकोस. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडतो, आणि मग तुझी काकी बायाक्का माझ्याशी बोलत नाही. लिहून पाठव. लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचता येतं.

आप्पा

*

निपाणी
१४ डिसेंबर २०२४

ती. आप्पा,

नमस्कार लिहितोय, पण एक हात कपाळावर आहे.

तुम्ही नको म्हणालात तरी मी फोन केला. काकींनी उचलला. "ते मागावर हाईत रं, मागनं कर." मागून केला तर तेव्हाही मागावर. एवढ्या साड्या विणताय तर वडगावात ठेवायला जागा उरली नसेल. माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगा, काकींना मध्ये घालू नका.

खरं कारण मीच लिहितो. पिस्टन जळाला तो माझ्या डिस्ट्रिब्युटरमुळे, असं तुमच्या मनात बसलंय. शर्यत संपल्यावर मष्णू मिस्त्री चार लोकांत म्हणाला होता, "निपाणीच्या पोराचा हात कच्चा हाय, डिस्ट्रिब्युटर हलत आसनार." तुम्ही त्याच्या शेजारीच उभे होता. माझी बाजू घेणं राहू दे, तुम्ही चक्क मान डोलवलीत. वर्ष होत आलं, पण मी ते विसरलेलो नाही. तेव्हा बोललो नाही, कारण तुम्ही बोलला नाहीत.

आणि कॉम्प्युटरची भाषा तुम्ही करावी? मला हे काम शिकवलं कुणी? इंजिन चालू ठेवायचं, डिस्ट्रिब्युटर हाताने हळूहळू फिरवायचा, डोळे मिटायचे, आणि इंजिन एका सुरात गुणगुणायला लागलं की बोल्ट आवळायचा. मी हौसेने टायमिंग लाइट विकत आणली तर म्हणालात, "कान हाईत की तुला. बत्ती कशाला?" ती लाइट अजून खोक्यात आहे.

असो. माल पाठवतोय. चार कॉइल, पोकळ केलेला डिस्ट्रिब्युटर, आणि क्रँकच्या पुलीवर बसवायचं दातेरी चाक. एवढं चांगलं काम हातोडीने फोडून पोकळ करताना कसं वाटलं ते विचारू नका. डब्यात भरायचे आकडे मी पेन ड्राइव्हवर दिलेत, करिष्माच्या जुन्या लॅपटॉपवरून घाला.

साईराज

*

वडगाव
२९ डिसेंबर २०२४

चि. साईराज,

खोकं मिळालं. पत्रही मिळालं. त्यातल्या अर्ध्या गोष्टींना उत्तर द्यायची माझी इच्छा नाही आणि उरलेल्या अर्ध्या चुकीच्या आहेत. मष्णू काय बोलला ते मला ठाऊक नाही. तू मनात काहीतरी धरून बसतोस, तुझ्या बापासारखा.

कामाचं लिहितो. दातेरी चाक बसवलं. सेन्सर आणि दात यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवली. कॉइल उभ्या राहाव्यात म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी कापून, भोकं पाडून, कानस मारून बसवली. वायरिंग तर असं केलंय की तू बघत राहशील. एक वायर लोंबकळत नाही, एक गाठ वर दिसत नाही. बायाक्का चहा घेऊन आली तर म्हणाली, "नवरीवानी सजीवलाय की." आणि एवढं करून ही नवरी जागची हलत नाही!

स्टार्टर मारला की गचके देते. मध्येच मागे लाथ मारते, सगळी गाडी दचकते. एकदा एअर फिल्टर उडाला तो थेट सुताच्या गठ्ठ्यावर जाऊन पडला. चारही कॉइलला ठिणगी आहे, काढून बघितली, निळीजर्द ठिणगी. पेट्रोल येतंय. बॅटरी चार्ज करून करून उतरली. मी रोज मागावरून उठतो, गाडीपाशी जातो, हात काळे करतो आणि परत मागावर बसतो. दोन्हीकडची कामं अर्धवट. काल रागाने पाना फेकला तो कुठे गेला सापडत नाही.

करिष्मा शनिवारी आली होती. गाडी बघितली, फोन कानाला लावून अंगणात गेली आणि बराच वेळ तिथेच होती. कॅम्पातलेच असणार.

तुझ्या आकड्यांत चूक आहे का ते बघ.

आप्पा

*

निपाणी
४ जानेवारी २०२५

ती. आप्पा,

आकडे पुन्हा तपासले. आकड्यांत चूक नाही.

मला दोनच गोष्टी सांगा. पहिली, आवाज कसा येतो? पुढून, हवा आत जाते तिकडून फट्ट होतं, की मागून सायलेन्सरमधून ठो होतं? एकसारखं होतं की मध्येच? तुम्ही गचके लिहिता, ठिणगीचा रंग लिहिता, फिल्टर कुठे जाऊन पडला ते लिहिता, आणि आवाजाबद्दल एक अक्षर नाही! पूर्वी तुम्ही फोन इंजिनाजवळ धरून मला ऐकवायचात आणि मी इथून सांगायचो. आता तर फोनही बंद.

दुसरी, डब्यातून निघालेल्या वायरी कॉइलना कशा जोडल्यात? नीट, एकेक करून लिहा.

इथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. एकालाही आज नको, सगळ्यांना कालच पाहिजे. तरी तुमचं पत्र आलं की मी सगळं टाकून आधी ते वाचतो. निदान विचारलेल्याला उत्तर तरी द्या.

साईराज

*

वडगाव
१२ जानेवारी २०२५

चि. साईराज,

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. आधी तो खा, मग मला पत्र लिही, म्हणजे जरा सौम्य लिहिशील. सूनबाईला, रूपालीलाही दे.

वायरी कशा जोडल्या विचारतोस. अरे, मी काय काल जन्मलो? नव्या ताण्याची बीम मागावर चढवताना आपण काय करतो? जुना ताणा पुरता काढून टाकत नाही. त्याची टोकं तशीच ठेवतो आणि जुन्या धाग्याच्या टोकाला नव्या धाग्याचं टोक, असं धाग्याला धागा सांधत जातो. मग सगळं वहीच्या दोऱ्यांतून, फणीच्या दातांतून आपोआप ओढलं जातं आणि नक्षी जशीच्या तशी येते. नव्याने ओवत बसणारा माणूस येडा. मी इथे तेच केलं. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर वायरी ज्या क्रमाने गोल लागत होत्या, एक, तीन, चार, दोन, त्याच क्रमाने डब्याच्या वायरी सांधल्या. डब्याची पहिली एकला, दुसरी तीनला, तिसरी चारला, चौथी दोनला. एक धागा इकडचा तिकडे नाही. या गावात माझ्याइतकी साफ सांधणी कोण करतो ते शोधून दाखव.

प्लग काढून बघितले. पहिला तपकिरी, छान. बाकीचे तीन ओले, पेट्रोलचा वास मारतो. स्टार्टर मारताना मडगार्डवर हात ठेवला तर धक्का कोपरापर्यंत येतो.

उरलेले दिवस थोडे आहेत. पोरगी आता विचारतही नाही, "झालं काय?" म्हणून. विचारत होती तेव्हा राग यायचा. आता विचारत नाही, त्याचा जास्त येतो.

आप्पा

*

निपाणी
१५ जानेवारी २०२५

आप्पा! आप्पा!

तिळगूळ खाल्ला. तरी ओरडावंसं वाटतंय. पत्र वाचून मी गॅरेजमध्ये एकटाच असा हसलो की समोरचा तंबाखूवाला बघायला आला, आणि हसून झाल्यावर रडू यायचं बाकी होतं.

तुमची सांधणी साफ आहे. तिथेच घोटाळा आहे. ताण्यात क्रम धाग्यांचा असतो, म्हणून जुन्याला नवं जोडलं की नक्षी येते. जुन्या गाडीतही क्रम वायरींत होता. डिस्ट्रिब्युटरचा हात नुसता गोल फिरायचा, त्याला एक कोण आणि तीन कोण काही कळत नव्हतं, म्हणून आपण वायरीच एक, तीन, चार, दोन अशा लावायचो. आता तो क्रम डब्याला पाठ आहे. मी आकड्यांत भरून दिलाय. डब्याची दुसरी वायर म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची, तिसरी म्हणजे तिसऱ्याची. सरळ. तुम्ही त्यावर पुन्हा जुना क्रम चढवलात. क्रम दोनदा लागला! पहिला सिलिंडर तेवढा सुटला, म्हणून त्याचा प्लग तपकिरी. बाकीच्या तिघांना भलत्याच वेळी ठिणगी मिळतेय. लाथ मारणार नाही तर काय करेल?

महिना गेला. हे मी फोनवर एका मिनिटात पकडलं असतं.

आता एकची एकला, दोनची दोनला, तीनची तीनला, चारची चारला. एवढंच करा. सुरू झाली की गरम होऊ द्या, मग मध्यम रेस धरून एकदम पाय दाबा आणि ऐका. आकडे मी अंदाजाने भरलेत, दुसऱ्या गाडीवरून. आतून ठोका येतो का, टकटक, डबीत खडे हलवल्यासारखा, एवढं मला कळलं पाहिजे. येत असेल तर टायमिंग मागे घ्यावं लागेल, म्हणजे ठिणगी जरा उशिरा द्यावी लागेल, नाहीतर गेल्या वर्षीसारखा पिस्टन पुन्हा जाईल. हे एकच उत्तर पाहिजे, आप्पा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

साईराज

*

वडगाव
२६ जानेवारी २०२५

चि. साईराज,

सुरू झाली!

वायरी उलगडताना जिवावर आलं. एवढी सुबक सांधणी स्वतःच्या हाताने कापायची म्हणजे काय ते तुला कळणार नाही. पण कापली, सरळ जोडली, चावी फिरवली, आणि गाडी अशी उठली की चावी सोडायलाही वेळ मिळाला नाही. बायाक्काने नारळ फोडला. शेजारच्या राजाबाई बघायला आल्या. मी बोनेट उघडं ठेवून नुसता बसलो होतो.

आता तूच बघ, डिस्ट्रिब्युटर फिरवत बसायला नको, कान लावायला नको. डबा आपलं आपण बघतो. आधीच हे करायला पाहिजे होतं.

ठोका बिलकुल नाही. लोण्यासारखी चालते. करिष्मा या शनिवारी आली नाही, पुढच्या वेळी येऊन चालवून बघेल. मग बघू कॅम्पातले काय म्हणतात.

आप्पा

*

निपाणी
३ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा,

काल मी तिथे होतो तेव्हा तोंडाने सांगवलं नाही. बसमध्ये बसल्यापासून हे पत्र मनात लिहितोय. तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलंय, तर दोघांनी वाटून घेऊ.

मी न सांगता आलो, कारण 'लोण्यासारखी' हा शब्द मला पटला नाही. करंट गेलेला, माग बंद, गल्लीत सगळं शांत. कोपऱ्यावरूनच मला गाडीचा आवाज आला. ठोका येत होता. साधा नाही, पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी जोरात हलवावे तसा. धावतच आत आलो. तुमची पाठ माझ्याकडे होती. एक हात रेसच्या केबलवर, दुसरा तळवा इंजिनाच्या झाकणावर, आणि डोळे मिटलेले. मी "आप्पा, बंद करा" म्हणालो. पुन्हा म्हणालो. मग ओरडलो. उंबऱ्यातून काकी म्हणाल्या, "पुढनं जा रं साईराज. मागनं हाक मारून ऐकू येत न्हाय त्यास्नी. लई दिवस झालं."

मी पुढे आलो. तुम्ही डोळे उघडलेत आणि हसलात. म्हणालात, "कसं वाजतंय? लई ग्वाड न्हाय?"

मी म्हणालो, "व्हय आप्पा."

खोटं बोललो. लॅपटॉप उघडून "फाइल सेव्ह करतोय" म्हणालो, तेही खोटं. टायमिंग मागे घेत होतो. आता ठोका जवळजवळ नाही, पण माळावर तापल्यावर, पूर्ण रेसवर काय होईल ते इथे बसून सांगता येत नाही.

परत येताना एकेक गोष्ट आठवत गेली. फोन का नको. आवाजाबद्दल विचारलं की का लिहीत नाही. दिवाळीला सगळे गप्पा मारत होते आणि तुम्ही नुसते हसून मान हलवत होता, मला वाटलं माझ्यावर राग धरलाय. आणि मष्णू मिस्त्री. त्याचं बोलणं तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. चार लोक बोलत होते, तुम्ही मान डोलवलीत. त्या एका मानेवर मी वर्षभर कुढत होतो. स्वतःचाच राग येतोय.

गेल्या वर्षीही ठोका येत असणार. सुटायच्या आधी करिष्मा तुम्हाला विचारते, "आप्पा, कशी वाजतीया?" तुम्ही "ठीक" म्हणालात, आणि ती निघाली.

एक सांगतो, ते ऐका म्हणत नाही, वाचा म्हणतो. कान लागू नये म्हणून तुम्ही डिस्ट्रिब्युटर काढलात. पण डबा ठिणगी तेव्हाच देतो जेव्हा त्याला सांगितलेलं असतं, आणि सांगणारा मी, निपाणीत बसून, अंदाजाने. ते बरोबर आहे की नाही हे गाडीशेजारी उभं राहून कुणीतरी ऐकावंच लागतं. कॉइल चार असल्या तरी.

करिष्माला मी काही सांगितलेलं नाही.

साईराज

*

वडगाव
९ फेब्रुवारी २०२५

साईराज,

न सांगता दुसऱ्याच्या घरी यायचं, पाठीमागे उभं राहून परीक्षा घ्यायची, आणि मग घरी जाऊन पत्र लिहायचं. शाब्बास.

मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या कुठल्या माणसाला या गल्लीत धड ऐकू येतं ते दाखव. कुणी त्याचा गाजावाजा करत नाही. आणि बायाक्काने तुला सांगायचं कारण काय? तिच्याशीही मी दोन दिवस झाले बोलत नाही.

करिष्माने आणलंय कानातलं यंत्र. कपाटात आहे. लावून मागाजवळ गेलो तर शिट्टी मारतं, डोकं फिरतं. आणि ते लावून मी शर्यतीत गाडीशेजारी उभा राहू? कॅम्पातल्यांना तेवढंच पाहिजे. "बहिऱ्या मिस्त्रीची गाडी." पोरीने ते ऐकलं की झालंच. आज ना उद्या गाडी जायचीच असेल तर माझ्या कानावरून तरी जायला नको.

तुझ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये काही खोट नव्हती. हे एकदा लिहिलंय, पुन्हा विचारू नकोस.

आप्पा

*

निपाणी
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा,

विचारणार नाही. ती ओळ मात्र रूपालीला वाचून दाखवली.

रवळूकडे लहान पुडी दिली आहे, खोकं नाही. बोल्टाच्या डोक्याएवढा तुकडा आहे, मध्ये भोक. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, ब्लॉकच्या अंगाला घट्ट बसवा, पण पाना लावून जीव खाऊन आवळू नका. त्याची वायर डब्याच्या मोकळ्या जागी जाते, करिष्माला दाखवलं की ती लावेल. नवे आकडे पुन्हा पेन ड्राइव्हवर दिलेत. हा तुकडा इंजिनाचा ठोका ऐकतो. ऐकला की डबा टायमिंग मागे घेतो.

म्हणजे एस्टीमला आपण कान बसवतोय. तिला कुणी बहिरी म्हणणार नाही, उलट बोनेट उघडून मोबाईलवर फोटो काढतील. तुम्हीच तेवढा कान कपाटात ठेवा. तुमची मर्जी.

पण हा तुकडा फक्त ठोका ऐकतो, आप्पा. बेअरिंग, बेल्ट, पाइपातून निसटणारी हवा, यातलं काही त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळायचं. मला सगळं तुम्हीच ऐकायला शिकवलंत, म्हणून एवढं तोंड वर करून लिहितोय.

मी शर्यतीला येऊ शकत नाही. त्याच दिवशी रूपालीच्या भावाचं लग्न आहे आणि जावयाने पळून जाऊन चालत नाही. तिथे माझं लक्ष लागणार नाही, हे तिलाही माहीत आहे.

साईराज

*

वडगाव
२४ फेब्रुवारी २०२५

चि. साईराज,

तुझा तुकडा बसवला. पाना लावला, पण जीव खाल्ला नाही. वायर करिष्माने लावली. हे काय म्हणून विचारलं तर मी म्हणालो, साईराजला विचार.

काल सकाळी निघताना बायाक्काने डब्यात भाकरी दिली आणि वर ते यंत्राचं डबडं ठेवलं. आमचं बोलणं अजून बंदच होतं.

माळावर धुळीने तोंड दिसत नव्हतं. कॅम्पातले टीमवाले आमच्या गाडीशेजारीच आपली गाडी लावून उभे, सगळ्यांच्या अंगात एकसारखे शर्ट. बोनेट उघडल्यावर बघायला आले. कॉइल बघितल्या, पट्टी बघितली. एकजण वायरिंगकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. चांगलं म्हणाला की वाईट, मला कळलं नाही. मी मान डोलवली. आणि मान डोलवताना मला मष्णू आठवला.

मग मी भाकरीचा डबा काढतोय असं दाखवून गाडीच्या मागे गेलो आणि यंत्र कानात घातलं.

काय सांगू साईराज. आधी नुसता गोंगाट. पोरं, भोंगा, भेळवाला, सगळे माझ्याच कानात शिरलेले. काढून टाकणार होतो. तेवढ्यात करिष्माचा नंबर आला आणि तिने गाडी सुरू केली. मी तिच्या खिडकीशी गेलो. तिने दरवर्षीसारखं विचारलं, "आप्पा, कशी वाजतीया?"

मी ऐकलं. थोडी रेस द्यायला लावली, पुन्हा ऐकलं. ठोका नाही, खरोखर नाही. पण वरून, झाकणाखालून, टिक टिक टिक.

मी म्हणालो, "टॅपेट वाजतंय. तिसऱ्या सिलिंडरचं. आज चालंल, पळीव."

ती निघालीच नाही. झेंडेवाला हात हलवतोय, मागची गाडी हॉर्न मारतेय, आणि ही हेल्मेटची काच वर करून माझ्या कानाकडे बघत बसली. डोळे भरलेले. मी म्हणालो, "जा की गं, का माळावरच ऱ्हातीस?" मग गेली.

तिसरा नंबर आला. पहिला यायला पाहिजे होता, शेवटच्या वळणावर तिने उगाच ब्रेक मारला, ते मी तिला सांगितलंय. परत आल्यावर कॅम्पातला मोठा माणूस तिच्याकडे आला. काय बोलला ते मी सगळं ऐकलं, अक्षर न् अक्षर. गाडी आता आमच्याकडे देताय ना, म्हणाला. ती म्हणाली, "न्हाय. आमचं मिस्त्री घरचंच हाईत." आणि माझ्याकडे न बघता बूट झाडत बसली.

गाडी माझ्या पत्र्याखाली उभी आहे.

आता तुझ्याकडे येतो. ते टॅपेट गेल्या उन्हाळ्यात तू हेड उतरवून बसवलंस तेव्हाचंच आहे. म्हणजे तेव्हापासून ते वाजतंय! करिष्माला विचारलं तर म्हणते, हो, मला वाटलं असंच असतं. तू आलतास त्या दिवशी तुला ऐकू आलं नाही? की आलं आणि बोलला नाहीस? डिस्ट्रिब्युटरला खोट नव्हती म्हणालो, टॅपेटबद्दल काही म्हणालो नव्हतो. एवढा मोठा निपाणीचा मिस्त्री, आणि तिसऱ्याचं टॅपेट सैल ठेवतो.

रविवारी ये. टॅपेटची फट मोजायला फीलर गेज घेऊन ये, माझं सापडत नाही, त्या पान्याबरोबरच कुठेतरी गेलंय. रूपालीलाही आण. बायाक्का आता बोलायला लागली आहे, पुरणपोळी करते म्हणाली.

निघायच्या आधी फोन कर. मी उचलीन.

आप्पा